पंगतीला कोण बसणार?

आमच्या वैजयंती आत्यांना कुणी जेवणाचा दर विचारला, की त्या लगेच उत्तर देत नाहीत. समोरचा माणूस लग्नाची तारीख ठरवून, दुसऱ्या केटररचा दर मोबाईलवर काढून, भांडायच्या तयारीनेच आलेला असतो. आत्या त्याला खुर्ची देतात, पाणी देतात आणि विचारतात, "पंगतीला कोण बसणार?" किती बसणार असं नाही, कोण बसणार. गावाकडचे जास्त की शहरातले, पोरंटोरं किती, दात पडलेली म्हातारी मंडळी किती, अक्कलकोटकडचे पाहुणे आहेत का. माणूस गोंधळतो, मग सांगायला लागतो, आणि सांगता सांगता त्याचा भांडायचा जोर निघून जातो. दर त्यानंतर येतो. तो सहसा कमी होत नाही.

मी त्यांची भाचेसून, रेश्मा. आत्यांचं माहेर मोडनिंबचं, म्हणजे आमचंच घर. माझे कैलासवासी सासरे धोंडीराम हे त्यांचे थोरले भाऊ. लग्न होऊन आत्या सोलापुरात आल्या तेव्हा त्यांचे यजमान गिरणीत होते. पुढे गिरणी बंद पडली आणि ते घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपू लागले. आत्यांनी त्यांना फार दिवस झोपू दिलं नाही. ज्वारीचं पोतं उतरवलं, परात ओढली आणि कडक भाकरी थापायला घेतल्या. यजमानांच्या पुढ्यात कढई ठेवली आणि सांगितलं, चटणीचे शेंगदाणे तुम्ही भाजायचे, करपले तर तुम्हीच खायचे. भाकरी-चटणीची पहिली पाकिटं त्यांनी नवी पेठेत दुकानोदुकानी फिरून खपवली. आज त्यांच्या हाताखाली बायकांची फौज आहे, दारात स्वतःचा टेम्पो आहे, आणि लग्नसराईत त्यांची तारीख मिळायला ओळख लावावी लागते. हे मी कौतुकाने सांगते आहे, पण त्यांच्यासमोर नाही सांगणार. त्यांना स्वतःचं कौतुक स्वतः करायची चांगली सवय आहे, त्यात माझी भर नको.

इतकी वर्षं लोकांना आकडे देऊन आत्यांचं एक मत पक्कं झालेलं आहे. त्या म्हणतात, आकडा लिहिणारा एकटा वाढवत नाही. वधूपिता साधं जेवण ठरवून जातो. दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ फोन करतो, बासुंदी ठेवा. तिसऱ्या दिवशी मुलीचा मामा येतो, जिलबी गरम पाहिजे, तिथेच तळा. शेवटी सगळं एका कागदावर आलं की तेच लोक डोळे वटारून विचारतात, एवढे कसे झाले? आत्यांना या प्रश्नाची इतकी चीड आहे की एकदा त्यांनी एका बापाला त्याच्या भावाचा फोन स्पीकरवर ऐकवला होता.

आता आमच्या घराकडे येते.

आम्ही शहरातल्या जुळे सोलापूर भागात भाड्याने राहतो, दुसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. माझ्या सासूबाई बजाबाई न्हाणीत घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, घरातल्या घरात चालता येऊ लागलं. पण जिना उतरणं बंद झालं ते झालंच. दवाखान्यात न्यायचं तर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून माझे यजमान शिवराज आणि शेजारचे मिळून त्यांना खाली न्यायचे. सासूबाईंना याचा भयंकर राग. "चौघांनी उचलायला मी काय मेलीया का?" एवढं बोलून त्या खुर्चीत डोळे मिटून घ्यायच्या आणि रिक्षापर्यंत उघडायच्या नाहीत. पुढे पुढे दवाखान्यात जायलाही नको म्हणू लागल्या.

मोडनिंबला आयुष्यभर दाराशी बसून रस्त्यावरच्या माणसांशी बोललेली ही बाई. आता गॅलरीच्या गजांना धरून उभी राहायची. सकाळी सिद्धप्पा भाजीची गाडी घेऊन आला की वरून ओरडायची, दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायची. सिद्धप्पा अक्कलकोटच्या बाजूचा, गोड बोलणारा आणि मेथीच्या जुडीत वर ताजी, आत पिवळी पानं घालणारा. टोपली वर आली की सासूबाई जुडी सोडायच्या आणि आतली पानं बघून चरफडायच्या. पण टोपली परत खाली सोडेपर्यंत तो पुढच्या गल्लीत गेलेला असायचा.

मला नव्या घरातून एकच गोष्ट हवी होती. या बाईला जमिनीवर आणायचं होतं. किचनचा ओटा कसाही असता तरी मी चालवून घेतलं असतं.

प्लॉट आमचा दोन गल्ल्या पलीकडेच, सासऱ्यांनी घेऊन ठेवलेला. घर दोघा भावांचं. थोरले दीर पृथ्वीराज पुण्यात कंपनीत आहेत. निम्मे पैसे त्यांचे आणि मतं बहुतेक सगळी त्यांची. आर्किटेक्ट होती कीर्ती, सोलापुरातलीच, रेल्वेतल्या माणसाची मुलगी, नुकतंच स्वतःचं ऑफिस थाटलेली. बोलायला मवाळ, कामाला चोख. तिने सहा-सात आठवडे घेतले आणि खर्चाचा अंदाज मोबाईलवर पाठवला. तो आमच्याकडे जसा वाचला गेला तसाच सगळ्या घरांत वाचला जात असेल. सगळ्यांनी थेट शेवटचं पान काढलं. तिथे लिहिलं होतं, अडुसष्ट लाख. आमची उडी, कर्ज धरून, पंचेचाळीसपर्यंत.

पुण्याहून निकाल लगेच आला. दादा म्हणाले की ही मुलगी आपल्याला लुटते आहे, नवीन आहे म्हणून एकाच घरात ऑफिसचं भाडं काढते आहे. शिवराज म्हणाले, असेल. त्यांचं भावापुढे एवढंच बोलणं होतं. मग कुणीतरी एका ठेकेदाराचं नाव सुचवलं. त्याने आमच्या सोफ्यावर बसून, चहा पिऊन, एका कागदावर पन्नास लाख लिहून दिले. कीर्तीचाच नकाशा, फक्त लिफ्ट वगळून. लिफ्टचा खड्डा आत्ता करून ठेवू, म्हणाला, लिफ्ट नंतर बसवा.

माझं डोकंच फिरलं. आमच्या घरात "नंतर" या शब्दाचा अर्थ मला लग्न झाल्यापासून ठाऊक आहे. त्या नकाशात खाली भाडेकरू होते आणि आमचं घर वर होतं. म्हणजे सासूबाईंना एका वरच्या मजल्यावरून खुर्चीत बसवून उतरवायचं आणि दुसऱ्या वरच्या मजल्यावर नेऊन ठेवायचं. तिथून त्या परत खाली येणार कधी, हे कुणी बोलत नव्हतं. मी बोलले. तेव्हा शिवराज म्हणाले की तुला सगळ्यातलं वाईटच दिसतं. मी त्याच संध्याकाळी आत्यांना फोन लावला.

आत्या दुसऱ्या दिवशी आल्या, चटणीचा डबा घेऊन. सासूबाई आतल्या खोलीत मालिका बघत होत्या; त्यांना एक हाक मारून आत्या माझ्यासमोर बसल्या. मी अंदाजाची प्रिंट काढून ठेवली होती. त्यांनी शेवटचं पान वेगळं काढलं, पालथं घातलं आणि त्यावर चटणीचा डबा ठेवला.

"हे मागनं बगू. आदी सांग, या घरात कोण राहणार?"

मी सांगितलं: आई, आम्ही दोघं, मुलगी, आणि सणावाराला दादांची मंडळी. मग आत्यांनी पहिल्या पानापासून एकेका ओळीवर बोट ठेवलं आणि प्रत्येक ओळीला विचारलं, हे कुणासाठी. पाया कुणासाठी, हौद कुणासाठी. मधेच त्यांनी ओळखीच्या दोन दुकानदारांना फोन लावून सळई आणि सिमेंटचे भाव विचारले. कीर्तीचे भाव त्यांच्याशी जुळत होते. मग ठेकेदाराचा कागद घेतला, पुढून वाचला, मागून बघितला. मागे काही नव्हतं. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, मोठा हौद बांधल्याशिवाय घर चालत नाही, आणि आमच्या प्लॉटात पुरुषभर खोल काळी माती आहे, तिथे पाया खोल न्यावा लागतो. त्या कागदात हौद नव्हता आणि पाया मुरमाड जमिनीत घर बांधायचं असल्यासारखा होता.

"ह्येच्यात पंगत हाय, पर पाणी न्हाय," आत्या म्हणाल्या आणि तो कागद त्यांनी बाजूला सारला.

पुन्हा कीर्तीच्या कागदावर आल्या. एका ओळीवर बोट थांबलं. लिफ्ट. तिच्या खाली खड्डा, मग भिंती, वीज गेली तर लागणारी बॅटरी, वर तिच्या यंत्राची खोली. सगळं मिळून एका लहान घराचा खर्च होता.

"हे कुणासाठी?"

"आईंसाठी."

"आन वैनी वर का चालल्यात?"

मी कारण सांगितलं. भाडेकरू वर ठेवले तर त्यांचं संडास-बाथरूम आमच्या देवघरावर येईल, आणि ते आईंना चालणार नाही. म्हणून भाडेकरू खाली, आम्ही वर. सांगताना मला ते अगदी सरळ वाटत होतं; आमच्या घरात ते इतक्यांदा बोललं गेलं होतं. आत्या आतल्या खोलीच्या दाराकडे बघत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, चल, त्या पोरीकडं जाऊ.

कीर्ती भांडणाच्या तयारीत होती. टेबलावर दुकानांची भावपत्रकं मांडून ठेवली होती बिचारीने. आत्यांनी त्यातलं एकही उचललं नाही. त्यांनी तिला विचारलं की तू पहिला नकाशा काय काढला होतास. कीर्तीने आधी माझ्याकडे बघितलं. मग सांगितलं की पहिल्या नकाशात घर खालीच होतं. आजींच्या खोलीतून थेट अंगणात जाता येईल असं दार होतं, पायरीऐवजी उतार होता. दादांनी फोनवर तो नकाशा ऐकूनच नाकारला.

"मी म्हणाले होते, आजींना खालीच ठेवा," कीर्ती म्हणाली. "सर म्हणाले, भाडेकरू वर आईला चालणार नाहीत, देवाचा प्रश्न आहे. मग मी काय बोलणार? मी नकाशात लिफ्ट घातली."

या एका वाक्याने किती वाढले, हे आत्यांनी तिच्याकडून वदवून घेतलं. घर वर गेलं म्हणून खालचे भाड्याचे गाळे आत्ताच पूर्ण करावे लागले, मग लिफ्ट, लिफ्टमागून तिचा सगळा लवाजमा. आत्ता फक्त खालचं घर बांधलं आणि वरच्या मजल्यासाठी नुसता पाया मजबूत ठेवला, तर आम्ही आमच्या पैशांत बसत होतो. ही गोष्ट कीर्तीला पहिल्या दिवसापासून माहीत होती.

निघताना आत्या तिला म्हणाल्या, "तुजा आकडा खरा हाय. पर बाळ, जरा जोरात बोलाय शिक. गिऱ्हाईक चुकत असलं तर त्याला थांबवायचं बी पैसं घेतो आपण."

कीर्ती हसली. मी मात्र रिक्षात सगळं मनात परत जुळवत होते. आम्ही सगळ्यांनी मिळून आईंच्या नावाने एक नियम केला होता, त्या नियमासाठी आईंना वर चढवलं होतं, आणि मग आईंसाठी लिफ्ट परवडत नाही म्हणून तीही काढून टाकली होती. त्यात आईंना काय हवं आहे हे कुठेच नव्हतं.

रविवारी दादा पुण्याहून आले. आले ते ठेकेदाराशी बोलूनच आले होते. येत्या आठवड्यात सही करायची असं त्यांनी ठरवलेलंही होतं. आत्यांनी आधी सगळ्यांना जेवायला वाढलं. उपाशी माणसाशी पैशाचं बोलायचं नाही, हा त्यांचा धंद्यातला नियम. जेवणं झाली, दादांनी पाय पसरले, तेव्हा आत्या म्हणाल्या, "पृथ्वी, त्या पोरीचा आकडा खरा हाय. घर चुकलंय."

दादा उठून बसले. आत्यांनी सगळं सांगितलं: भाव तपासलेले, ठेकेदाराच्या कागदात काय नाही, लिफ्ट कुठून आली, घर खाली आणलं तर काय होतं. दादा हुशार माणूस आहे, हिशोब त्यांना लगेच कळला. पण हिशोबाने त्यांचं समाधान झालं नाही.

"आत्या, पैशाचं सोड," ते म्हणाले. "आईच्या देवघरावर परक्या माणसाचं संडास? ती रोज सकाळी तासभर पूजा करते. तूच सांग, तिला चालेल?"

"मला काय इचारतोस? ती बसलीया की हितं."

सासूबाई खिडकीपाशी वॉकर बाजूला ठेवून बसल्या होत्या, मांडीवर ताट घेऊन मेथी निवडत. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटतं, या घराबद्दल इतके महिने बोलणं चाललं होतं, त्यात पहिल्यांदाच सगळ्यांनी एकदम त्यांच्याकडे बघितलं असेल. त्या पानं खुडत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "माज्यासाठी चढवताय व्हय घर वर?"

जुडीतलं एक पिवळं पान त्यांनी बाजूला टाकलं.

"देवाला जिना चढाय येतोय," त्या म्हणाल्या. "त्याला गच्चीवर ठिवा. तितनं समद्यास्नी बघंल. मला न्हाय येत. मला खाली ठिवा."

दादा म्हणाले, "आई, मग तू आधी का नाही बोललीस?"

"इचारलं कुणी?"

त्यांचा आवाज रागाचा नव्हता, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं. मला रडू आलं. दादा उठले, गॅलरीत गेले आणि बराच वेळ तिथेच पाठमोरे उभे राहिले. दोरी बांधलेली ती टोपली गजाला लटकलेली होती, तिची गाठ ते उगाच सोडत आणि बांधत होते. आत आले ते फोन कानाला लावूनच. कीर्तीला म्हणाले, मॅडम, तुमचा पहिला नकाशा अजून आहे ना. आत्या माझ्याकडे बघून हसल्या नाहीत, पण त्यांनी उरलेल्या कडक भाकरीचा तुकडा मोडून मोठ्या समाधानाने तोंडात टाकला.

देव काही गच्चीवर गेले नाहीत. कीर्तीने पूर्वेच्या कोपऱ्यात देवघर असं काढलं की उद्या वर मजला चढला तरी त्याच्या डोक्यावर मोकळी गच्चीच राहील. दादांनी विचारलं, हे आधी का नाही सुचवलं. या वेळी कीर्ती जोरात बोलली: तुम्ही मला देवघराचं काही विचारलंच नव्हतं, भाडेकरू वर नकोत एवढंच सांगितलं होतं. नवा अंदाज आमच्या आवाक्यात आला. तो आला तेव्हा आत्या घरी होत्या, आणि त्यांनीही सगळ्यांसारखं आधी शेवटचंच पान काढलं. मी ते बोलून दाखवलं तर म्हणाल्या, पंगत ठरल्यावर काय, आता बघायला हरकत न्हाय.

घराची आखणी करायची त्या सकाळी सासूबाई म्हणाल्या, मी येणार. पुन्हा प्लास्टिकची खुर्ची आली, शिवराज आणि दादांनी दोन्ही बाजूंनी धरलं. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. जिन्याच्या प्रत्येक वळणावर दोन्ही मुलांना सूचना देत होत्या, हळू, भिताड लागंल, पृथ्वी तुला दम लागलाय. प्लॉटवर कामगारांनी चुन्याच्या फक्कीने काळ्या मातीवर पांढऱ्या रेषा ओढल्या होत्या. खुर्ची टेकली. सासूबाई वॉकर धरून उठल्या आणि त्यांनी कीर्तीला विचारलं, "माजी खोली कुटली?"

कीर्तीने दाखवली. रेषांमध्ये दाराला सोडलेली फट होती, सासूबाई तिथून आत गेल्या. रेष ओलांडून जाता आलं असतं, पण दारातूनच गेल्या. आत उभ्या राहून चारी बाजूंनी बघितलं. आत्या बाजूला उभ्या होत्या. मी पहिल्यांदाच त्यांना पदराने डोळे पुसताना बघितलं, आणि त्यांनी मला बघताना बघितलं, आणि लगेच कामगारांवर ओरडल्या की रेष वाकडी आली आहे. ती सरळ होती.

तेवढ्यात रस्त्यावरून सिद्धप्पाची गाडी आली. त्याने सासूबाईंना आजवर खालूनच बघितलेलं, मान वर करून. तो थबकला.

"वरच्या आज्जी, तुमी खाली?"

"आता खालीच," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला. "मेथी दाव."

त्याने वरची जुडी उचलून दिली. सासूबाई वॉकरला टेकून उभ्या राहिल्या, जुडीचा दोरा सोडला, वरची पानं बाजूला केली आणि आत बघितलं.

"ही नको," त्या म्हणाल्या. "दुसरी दे."

सिद्धप्पाने दुसरी दिली.